गेम इंजिनातील शून्याची कुळकथा

संगणकीय खेळ आज बहुधा गेम इंजिनाच्या आधारे घडवले जातात; दृश्य रेखाटणे, वस्तू हलवणे, त्यांच्या टकरा ओळखणे आणि आवाज जुळवणे ही कामे एकत्र सांभाळणाऱ्या आज्ञावलींच्या संचाला हे नाव आहे. अशा इंजिनात शून्य तीन निरनिराळी कामे करते. संख्या लिहिताना ते रिकामे स्थान राखते, गणितात स्वतः संख्या म्हणून वागते आणि खेळाच्या जगात सर्व अंतरे जिथून मोजायची तो आरंभबिंदू बनते. या तिन्ही शून्यांचे कूळ एक असले तरी त्यांच्या शाखा वेगवेगळ्या काळी फुटल्या, आणि त्यांपैकी पहिल्या शाखेचा एक निःसंदिग्ध पुरावा ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आहे.

किल्ल्याच्या चढणीवर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर असून, त्यातील विक्रम संवत 933, म्हणजे इ. स. 876 च्या संस्कृत शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचे माप 270 हात आणि 187 हात असे नोंदवले आहे, तसेच रोजच्या 50 माळांची तरतूद केली आहे. 270 आणि 50 यांतील शून्ये आजच्यासारखीच लहान वर्तुळाकार आहेत. हे जगातले सर्वांत जुने शून्य आहे असे म्हणणे बरोबर नाही, कारण कंबोडियातील सांबोर येथील 683 च्या लेखात शून्य ठिपक्याच्या रूपात आढळते. परंतु ग्वाल्हेरच्या लेखाचे खरे मोल त्याच्या साधेपणात आहे. जमीन आणि माळा यांचा हिशेब कोरताना त्या चिन्हाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही, यावरून स्थानमूल्याची पद्धत, म्हणजे अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरवण्याची रीत, तोवर व्यवहारात किती मुरली होती हे कळते.

संगणकाची स्मृती हीच रीत दहाऐवजी दोनच्या पटीत वापरते. लायब्निट्झने 1703 मध्ये मांडलेल्या या द्विमान पद्धतीत 187 ही संख्या 10111011 अशी, तर 270 ही 100001110 अशी लिहिली जाते. खेळातील चित्राच्या एकेका ठिपक्याचा रंग सामान्यतः लाल, हिरवा आणि निळा यांच्या 0 ते 255 या मात्रांत, म्हणजे प्रत्येकी आठ द्विमान स्थानांत साठवतात. बागेची एक बाजू त्या आठ स्थानांत मावते, दुसरीला मात्र नववे स्थान लागते.

दुसऱ्या शाखेची, म्हणजे संख्या म्हणून वागणाऱ्या शून्याची, कथा ग्वाल्हेरच्या लेखाहून जुनी आणि अधिक अवघड आहे. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले आणि शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते असे सांगितले, पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले आणि तिच्यात काही मिळवले किंवा तिच्यातून काही काढले तरी ती बदलत नाही असा सिद्धांत मांडला. अपूर्णांकांच्या संगणकीय गणितासाठी 1985 मध्ये ठरलेल्या आयईईई 754 या प्रमाणातही शून्येतर संख्येला शून्याने भागल्यास अनंत येते आणि त्यात कोणतीही सांत संख्या मिळवली तरी ते अनंतच राहते. शून्य भागिले शून्य याचे उत्तर मात्र तिथे ‘संख्या नव्हे’ असे मिळते, आणि खेळ घडवणाऱ्याला नेमके हेच उत्तर छळते. पात्र कोणत्या दिशेला चालले आहे हे काढण्यासाठी त्याच्या सदिशाला, म्हणजे दिशा आणि लांबी दोन्ही असलेल्या राशीला, तिच्याच लांबीने भागावे लागते. खेळाडूने कळ सोडली की ती लांबी शून्य होते, आणि दक्षता घेतली नसेल तर ‘संख्या नव्हे’ हे उत्तर पात्राच्या स्थानात शिरून पात्र पडद्यावरून नाहीसे होऊ शकते. म्हणून युनिटी आणि अनरियल या दोन्ही इंजिनांत अशा वेळी शून्य सदिश परत देण्याची सोय आहे. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य हा ब्रह्मगुप्ताचा नियम आधुनिक गणिताने नाकारला आणि ते योग्यच झाले. तरीही व्यवहारात चालणारे उत्तर हवे असते तेव्हा इंजिनांचे कर्ते त्याच निर्णयाशी येऊन पोहोचतात, ही गोष्ट गणिताच्या इतिहासकारांनी अधिक गांभीर्याने पाहण्याजोगी आहे.

तिसरी शाखा देकार्तच्या 1637 च्या भूमितीपासून वाढलेल्या निर्देशक पद्धतीची आहे. इंजिनात वस्तूचे आरंभबिंदूपासूनचे अंतर बहुधा 32 बिटांच्या, म्हणजे 32 द्विमान स्थानांच्या, अपूर्णांकी संख्येत साठवतात, आणि तिच्यात सुमारे सातच दशमान अंक अचूक राहत असल्यामुळे आरंभबिंदूपासून फार दूर गेलेली वस्तू थरथरू लागते, आणि त्यामुळे विस्तीर्ण जगाच्या खेळांत खेळाडूला पुन्हा शून्यापाशी आणून भोवतालचे सगळे जगच सरकवण्याची युक्ती योजतात.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेने अनरियल इंजिनावर घडवलेला ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ 2020 मध्ये प्रकाशित झाला, आणि त्याचे महाल व किल्लेही याच तीन शून्यांच्या आधारे उभे आहेत.