लॅटिनच्या दोन लेकी

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ असणार, म्हणून मी संपादकांकडून वेगळा विषय मागून घेतला. तरीही त्यात एक मास्तर आलेच.

रोमन फौजा इ. स. पूर्व २१८ मध्ये स्पेनात उतरल्या आणि त्यांच्याबरोबर लॅटिन गेली. पण शिपाई, व्यापारी, जमिनी मिळून तिथेच स्थायिक झालेले निवृत्त सैनिक यांची लॅटिन काही सिसेरोची नव्हती. बोलण्याच्या ओघात ते शब्द आखडून घेत. इटलीतही बाजारात तेच चाले. पुढच्या काळातल्या एका अनामिक व्याकरणमास्तरांना हे खपले नाही. त्यांनी २२७ दुरुस्त्यांची यादीच केली. अमुक म्हणा, तमुक म्हणू नका! ‘प्रोबसची पुरवणी’ या नावाने ती आजही शिल्लक आहे. डोळ्याला ‘ओकुलुस’ म्हणा, ‘ओक्लुस’ नको. आरशाला ‘स्पेकुलुम’ म्हणा, ‘स्पेक्लुम’ नको. म्हाताऱ्याला ‘वेतुलुस’ म्हणा, ‘वेक्लुस’ नको.

मास्तरांचे कुणी ऐकले नाही. इटालियनमध्ये आज डोळा ‘ओक्क्यो’, आरसा ‘स्पेक्क्यो’ आणि म्हातारा ‘वेक्क्यो’. स्पॅनिशमध्ये हेच ‘ओखो’, ‘एस्पेखो’, ‘व्येखो’. सगळे शब्द त्यांनी चूक ठरवलेल्या रूपांतूनच निघाले. आणि बदल कसा शिस्तीत झाला आहे पाहा. मधल्या ‘क्ल’चा एकीकडे तिन्ही वेळा ‘क्क्य’, दुसरीकडे तिन्ही वेळा ‘ख’. मास्तरांना जो गोंधळ वाटला, त्याला स्वतःचे नियम होते.

संस्कृतच्या तासाला जागे राहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ आणि मराठीत ‘सात’ झाले. लॅटिन ‘सेप्तेम’चे इटालियनमध्ये ‘सेत्ते’ झाले, स्पॅनिशमध्ये ‘स्येते’. म्हणजे इटालियनने प्राकृतासारखे द्वित्त राखले, तर स्पॅनिशने मराठीसारखे एकाच ‘त’वर भागवले. ‘सप्त’ आणि ‘सेप्तेम’ मुळात नात्यातले खरे, पण पुढची ही मोडतोड हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकांना न विचारता झाली.

या भाषा सख्ख्या आहेत हे चौदाव्या शतकाच्या आरंभी दान्तेच्या लक्षात आले होते. देव, आकाश, प्रेम यांसाठीचे शब्द वेगवेगळ्या प्रदेशांत जवळजवळ तेच आहेत, त्याअर्थी मूळ एकच, असे त्याने मांडले. लॅटिन मात्र त्याला पंडितांनी नियम बांधून घडवलेली भाषा वाटे. बहिणी ओळखल्या, आई ओळखली नाही!

सारखेपणावर फार विसंबूनही चालत नाही. रोममध्ये ‘बुर्रो’ मागितले तर लोणी मिळेल. माद्रिदमध्ये त्याच शब्दाचा अर्थ गाढव.

तिसऱ्या लेकीशी, पोर्तुगीजशी, आपला घरोबा जुना. किल्लीला लॅटिनमध्ये ‘क्लाविस’ म्हणत. इटालियनमध्ये तिचे ‘क्यावे’ झाले, स्पॅनिशमध्ये ‘यावे’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘चावे’. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक त्यात ‘च’च उच्चारत, पुढे लिस्बनमध्ये त्याचा ‘श’ झाला, आपल्याकडे मात्र ‘च’ टिकला. शिपाईमामांच्या कमरेला जुडग्यात लटकणारी, शाळेचे फाटक उघडणारी चावी ती हीच.