संदर्भाची एक ओळ

शास्त्रीय नियतकालिकातील निबंधाचा शेवट बहुधा एका रूक्ष यादीने होतो. लेखकांची नावे, सन, निबंधांची शीर्षके, नियतकालिकांची नावे, खंड आणि पृष्ठांक यांची ती लांबलचक माळ असते. सामान्य वाचक ती ओलांडून जातो. आणि आपला पहिला निबंध छापण्यास पाठविणाऱ्या तरुण संशोधकास तर ती कटकटच वाटते. नावानंतर स्वल्पविराम द्यावा की पूर्णविराम, सन कंसात लिहावा की शेवटी, खंडाचा आकडा ठळक असावा की साधा, या प्रश्नांत कसले आले शास्त्र, असे त्याला वाटावे हे स्वाभाविकच आहे. परंतु अशाच एका ओळीमुळे एका दिवंगत संशोधकाचे श्रेय त्याला परत मिळाले, याची साक्ष विज्ञानाचा इतिहास देतो.

लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा शास्त्रज्ञांची दुनिया लहान होती. ‘अमक्याने आपल्या ग्रंथात म्हटल्याप्रमाणे’ एवढा मोघम उल्लेख त्या मंडळींना पुरत असे. कारण तो ‘अमका’ कोण आणि त्याचा ग्रंथ कोणता, हे बहुतेकांना ठाऊक असावयाचे. एकोणिसाव्या शतकात मात्र युरोपातील गावोगावी विद्वत्सभा स्थापन झाल्या, प्रत्येक सभा आपले वार्षिक कार्यवृत्त छापू लागली, आणि एखाद्या निबंधाचा शोध घेणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखे होऊन बसले.

मोराव्हिया प्रांतातील ब्रून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो, येथील निसर्गसंशोधन मंडळ ही अशीच एक सभा होती. त्या गावच्या मठातील ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने वाटाण्याच्या संकरावर अनेक वर्षे प्रयोग केले आणि १८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत मंडळाच्या दोन बैठकींत आपले निष्कर्ष वाचून दाखविले. हा निबंध मंडळाच्या कार्यवृत्ताच्या चौथ्या खंडात, पृष्ठ ३ ते ४७ वर, प्रसिद्ध झाला. कार्यवृत्त शंभरांहून अधिक संस्थांकडे रवाना झाले. लंडनच्या ग्रंथालयांतही ते पोहोचले. म्हणजे निबंध दडपला गेला नव्हता, हरवलाही नव्हता. तो कपाटात होता. पण त्या कपाटाकडे बोट दाखविणारे फार थोडे होते. म्यूनिकचे प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांचा मेंडेलशी अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. तरीही त्यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात मेंडेलचे नावदेखील घेतले नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत मेंडेल निवर्तला होता.

ज्याने ते बोट दाखविले, तो ब्रेमेन येथील डॉक्टर विल्हेल्म फोके. वनस्पतींच्या संकरावरील त्याचा ग्रंथ १८८१ मध्ये निघाला आणि त्यात मेंडेलच्या निबंधाचा उल्लेख आला. फोकेला त्या निबंधाचे खरे मोल कळले होते असे नाही. पण त्याने पत्ता नोंदवून ठेवला, आणि तेवढे पुरले. अमेरिकेत लिबर्टी हाइड बेली यांनी १८९२ मध्ये संकरविषयक साहित्याची सूची दिली, तेव्हा मूळ निबंध न पाहताच फोकेच्या ग्रंथावरून ती ओळ उतरून घेतली. व्हिएन्नाच्या एरिख फॉन चेर्माक याला मेंडेलचा माग लागला तोही फोकेच्या ग्रंथावरूनच.

पुढे १९०० साली ह्यूगो द व्रीस याचे दोन निबंध पाठोपाठ प्रसिद्ध झाले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तात आलेल्या त्याच्या फ्रेंच निबंधात मेंडेलचा नामनिर्देश नव्हता. तो कार्ल कोरेन्सच्या हाती पडला. कोरेन्सने स्वतः वाटाण्यावर प्रयोग केले होते आणि मेंडेलचा निबंधही वाचला होता. त्याने ताबडतोब लेखणी उचलली आणि आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्या नियमाला ‘मेंडेलचा नियम’ असे नाव दिले. द व्रीसच्या जर्मन निबंधात मेंडेलचे नाव होते, आणि तेथील तळटीप मोठी बोलकी आहे. हा महत्त्वाचा निबंध इतका क्वचित उद्धृत होतो, की आपले बहुतेक प्रयोग पुरे झाल्यावरच आपणास तो माहीत झाला, असे त्याने त्या टिपेत लिहिले. पस्तीस वर्षांच्या विस्मृतीचे कारण त्या एका वाक्यात आले आहे.

संदर्भाच्या ओळीतील प्रत्येक घटकाला स्वतःचे काम असते. नाव श्रेय कोणाचे ते सांगते. सन अग्रक्रम ठरवितो. शीर्षक विषय कळविते. नियतकालिक, खंड आणि पृष्ठ हा घराचा पत्ता होय. पत्त्यातील एक आकडा चुकला की पाहुणा भलत्याच दारी जातो. मेंडेलच्या निबंधाचाच सन पाहावा. खंड १८६५ सालचा, पण छापून निघाला १८६६ मध्ये. त्यामुळे कोणी पहिला सन देतो, कोणी दुसरा. आणि नवख्या वाचकास मेंडेलने दोन निबंध लिहिले की काय, असा भ्रम व्हावा.

हा सन महत्त्वाचा ठरला तो एका नव्या पद्धतीमुळे. योगायोग असा, की फोकेचा ग्रंथ निघाला त्याच १८८१ साली हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी गोगलगायीच्या एका जातीच्या अंड्याच्या वाढीवरील निबंधात लेखकाचे नाव व सन मजकुरातच देऊन पूर्ण तपशील शेवटच्या यादीकडे सोपविला. हीच पुढे ‘हार्वर्ड पद्धती’ म्हणून रूढ झाली. वैद्यकाने दुसरी वाट धरली. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९७८ च्या आरंभी काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले. प्रत्येक नियतकालिकाची तऱ्हा निराळी असल्याने, एकाने नाकारलेला निबंध दुसरीकडे धाडताना लेखकास सारी यादी पुन्हा टंकलिखित करावी लागे. हा व्यर्थ श्रम वाचविणे हा त्यांचा हेतू होता. संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे द्यावेत, असा त्यांचा दंडक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन पद्धतींत श्रेष्ठ कोणती, हा वाद फोल आहे. एका नियतकालिकात एकच पद्धती कसोशीने पाळली जावी, एवढेच खरे.

यूजीन गारफील्ड यांच्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ने १९६४ पासून या याद्यांचीच सूची नियमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा तर शेवटचे पान उलट्या दिशेनेही वाचता येऊ लागले. एखाद्या निबंधाने कोणाचा आधार घेतला, एवढेच नव्हे, तर पुढे त्याचा आधार कोणी घेतला, हेही उमगू लागले. आज संगणक स्वल्पविराम आणि कंस क्षणार्धात जागच्या जागी बसवितो. पण लेखकाने मूळ निबंध स्वतः पाहिला की दुसऱ्याच्या यादीतून ओळ उचलली, हे संगणक सांगू शकत नाही. बेलीने उतरून घेतलेली ओळ सुदैवाने अचूक होती. उतरलेली चूक मात्र निबंधामागून निबंधांत तशीच पुढे जात राहते.

म्हणून संदर्भ लिहिणे हे कारकुनी काम मानणे योग्य नव्हे. आपल्या आधी कोणी श्रम केले ते सांगणे ही कृतज्ञता होय. आणि ते नेमके कोठे सापडतील हे बिनचूक सांगणे, ही आपल्यानंतर येणाऱ्या अपरिचित वाचकाविषयीची जबाबदारी होय. फोके हा फार मोठा शास्त्रज्ञ म्हणून कोणाच्या स्मरणात नाही. परंतु न उमगलेल्या निबंधाचाही पत्ता त्याने प्रामाणिकपणे नोंदविला, आणि त्या पत्त्यावरून पुढची पिढी ब्रूनच्या मठापर्यंत पोहोचली.