रेणूंच्या हत्तींना पंख

अणूचे वजन करणारा तराजू केंब्रिजच्या ॲस्टन ह्यांनी १९१९ सालीच उभा केला. मास स्पेक्ट्रोग्राफ त्याचे नाव. निर्वात नळीतून विद्युतभारित अणू सोडायचे. हलका अधिक वळतो, जड कमी, त्यावरून वजन काढायचे. ह्या तराजूची एक अट मात्र मोठी जाचक होती: तोलायचा पदार्थ आधी वायुरूप हवा.

सजीवांचे रेणू तेथेच अडले. प्रथिने नांदतात पाण्यात. अंड्याचा पांढरा बलक तव्यावर टाकून पाहा. त्याची वाफ होत नाही, तो गोठतो आणि मग करपतो. मग तोलायचे काय, कोळसा?

वाट सापडली ती मोटारींना रंग देणाऱ्या विजेच्या फवाऱ्यात! त्यावरून अमेरिकेतील माल्कम डोल ह्यांनी १९६८ साली एक युक्ती मांडली. बारीक सुईतून द्रावण सोडून तिला हजारो व्होल्टांचा दाब दिला की भारित थेंब उडतात. थेंब सुकतो, आकसतो. विद्युतभार मात्र तेवढाच राहतो. अखेर ती दाटी असह्य होऊन थेंब फुटतो, पुन्हा फुटतो, आणि शेवटी रेणू भार अंगावर घेऊन अख्खा बाहेर पडतो. डोल ह्यांनी हे प्लॅस्टिकच्या रेणूंवर करून पाहिले. प्रथिनांपर्यंत त्यांचा हात पोचला नाही.

तो पोचला येल विद्यापीठातील जॉन फेन ह्यांचा. सत्तरी गाठली म्हणून नियमाप्रमाणे निवृत्त झालेला हा गृहस्थ १९८८ साली प्रथिने तोलून मोकळा झाला. मौज अशी, की एकेका रेणूवर कितीतरी भार चढत होते, आणि यंत्र मोजते ते वजनाला भाराने भागून येणारा आकडा. त्यामुळे १५०० पर्यंतच मोजणाऱ्या यंत्रात ४०,००० वजनाचे प्रथिन बसले. भार निरनिराळे, म्हणून एकाच प्रथिनाची अनेक शिखरे उमटत. शेजारशेजारची शिखरे ताडून भार ओळखायचा, की प्रत्येक शिखर वजनाची स्वतंत्र साक्ष देई!

२००२ साली, पंचाऐंशीव्या वर्षी, फेन ह्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. व्याख्यानात त्यांनी ह्या रेणूंना हत्ती म्हटले, फवाऱ्याला पंख. पेटंटवरून त्यांचा आणि येलचा दावाही रंगला. २००५ साली निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. पण मला हळहळ वाटते ती डोल ह्यांची. ते १९९० सालीच वारले होते.

आज अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब कागदावर टिपतात. ते पुन्हा द्रावणात उतरवून ह्याच फवाऱ्यातून जातात, आणि आईला काही दिसण्याआधी बाळाचा जन्मजात दोष आकड्यांत दिसतो.