ज्ञानदानाचे स्वयंपाकघर
(जैन बोर्डिंगपासून रयतेच्या हायस्कूलपर्यंत)

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. प्रवचनांतून त्यांचे विवेचन स्वतंत्रपणे होते. परंतु व्यवहारात त्यांतील दोन दाने एकाच छपराखाली नांदताना पाहावयाची असतील, तर विद्यार्थी वसतिगृहाकडे पाहावे. तेथे एका खोलीत अभ्यास चालतो आणि शेजारच्या खोलीत चूल पेटलेली असते. ग्रामीण महाराष्ट्रात हायस्कूलचे शिक्षण ज्या काळी दुर्लभ होते, त्या काळी मुलगा शिकला की नाही, हे पुष्कळदा या दुसऱ्या खोलीवरच ठरत असे.

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, त्यांची छायाचित्रे स्मरणिकेत झळकतात. हे उचितच आहे. त्याबरोबरच त्या यशामागे उभे असलेले घर, शाळा आणि समाज यांच्या भागीदारीचा इतिहासही नव्या पिढीसमोर यावा, या हेतूने महाराष्ट्रातील एका थोर शिक्षणकार्याचा हा परिचय.

कारंजा ते कुंभोज

यवतमाळ जिल्ह्यातील जैन बांधवांना कारंजा (लाड) हे गाव परके नाही. यवतमाळहून दारव्हा, कारंजा आणि पुढे मूर्तिजापूर असा प्रवास घडविणारी 'शकुंतला' ही अरुंदमापी रेल्वे अनेक पिढ्यांच्या स्मरणात आहे. प्राचीन जिनमंदिरे आणि हस्तलिखितांची ग्रंथभांडारे यांमुळे कारंज्याला विदर्भातील जैनविद्येचे माहेरघर म्हटले जाते. याच गावी १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू झाले. त्याचे संस्थापक ब्रह्मचारी देवचंदजी, म्हणजेच पुढे मुनिश्री समंतभद्र महाराज (१८९१–१९८८). लौकिक शिक्षण व धर्मसंस्कार एकत्र देणारी ही परंपरा त्यांनी पुढे दक्षिण महाराष्ट्रात नेली आणि १९३४ साली कोल्हापूर जिल्ह्यात कुंभोजजवळ बाहुबली येथे गुरुकुलाची स्थापना झाली.

त्याच कुंभोज गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन शेतकरी कुटुंबात भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म झाला होता. कारंज्याच्या गुरुकुलानंतर एका वर्षाने, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर त्यांनी सातारा जिल्ह्यातील काले या खेड्यात रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. दोन्ही कार्ये एकाच काळातील आणि दोहोंचा पाया वसतिगृह हाच होता. एकाने धर्मसंस्कारांचे जतन केले. दुसऱ्याने त्याच संस्कारांच्या बळावर समाजाची दारे सर्वांसाठी उघडली.

बोर्डिंगमधील एक प्रसंग

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने निरनिराळ्या समाजांची विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली. त्यांत दिगंबर जैन बोर्डिंग हे अग्रगण्य होते. भाऊराव राजाराम हायस्कूलमध्ये शिकण्यासाठी याच बोर्डिंगमध्ये राहिले. अण्णासाहेब लठ्ठे (१८७८–१९५०) हे तेथील अधीक्षक होते. अत्यंत विद्वान, शिस्तप्रिय आणि समाजसुधारणेची तळमळ असलेले गृहस्थ. पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ च्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात येऊ नये, असा आदेश त्यांना मिळाला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे ज्या पुरुषाचे नाव समाजाने अभिमानाने घेतले, त्याला तरुणपणी समाजाच्याच स्वयंपाकघराचे दार बंद झाले होते, ही गोष्ट आपल्या इतिहासातून वगळण्याजोगी नाही. अहिंसा आणि जीवमात्रांविषयीचा समभाव आपण नित्य उच्चारतो. त्या समभावाची कसोटी पंगतीत लागते, हे त्या तरुण विद्यार्थ्याने ओळखले होते.

या प्रसंगाचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, असा दबाव आला. ज्यांनी बोर्डिंगमधून बाहेर काढले, त्यांच्यावर सूड उगविण्याची संधी आपण होऊन चालत आली होती. भाऊरावांनी तुरुंगवास व छळ सोसला. छळ असह्य होऊन जीव देण्यापर्यंत मजल गेली. परंतु खोटी साक्ष दिली नाही. सत्य आणि क्षमा ही दोन्ही तत्त्वे एकाच कृतीत दिसावीत, असा हा प्रसंग आहे. बोर्डिंगने त्यांना घालविले. बोर्डिंगचे संस्कार मात्र त्यांच्यापासून कोणी घेऊ शकले नाही.

फिरता विक्रेता, स्थिर ध्येय

भाऊराव स्वतः मॅट्रिक झाले नाहीत. साताऱ्यात शिकवण्या करून त्यांनी 'पाटील मास्तर' असे नाव मिळविले. पुढे ओगले यांच्या काचकारखान्याचा माल व किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. व्यापारी बांधवांनी हा भाग विशेष लक्षात घ्यावा. नवा नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरविण्यासाठी त्याच्या बांधावर जावे लागे, त्याची अडचण ऐकावी लागे. या भ्रमंतीत त्यांना खेड्यांतील हुशार पोरे दिसली, शाळेपासूनचे अंतर दिसले आणि ते अंतर तोडण्याचे साधन काय, हेही उमगले. १९१० च्या सुमारास दूधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत वसतिगृहाचा प्रयोग झालाच होता. कालेच्या संस्थेने त्याला निश्चित रूप दिले.

१९२४ साली संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुले स्वतः दळण-कांडण, स्वयंपाक, झाडलोट व शेतीकाम करीत. सर्व एका पंगतीत जेवत. १९०८ साली ज्या पंगतीवरून वाद झाला, तीच पंगत सोळा वर्षांनी भाऊरावांनी साताऱ्यात मांडली.

मुष्टिफंड आणि मंगळसूत्र

एवढ्या मुलांच्या अन्नाचा प्रश्न कसा सुटला? येथे कुटुंबांची भागीदारी दिसते. खेड्यापाड्यांतील गृहिणी दळण दळताना मूठभर धान्य बाजूला काढीत. हाच 'मुष्टिफंड'. एका मुठीचे मोल पैशांत नगण्य असेल. परंतु ज्या घरातून ती मूठ निघे, त्या घराला वसतिगृह आपलेसे वाटे. देणगीची पावती फडताळात पडून राहते. रोजच्या मुठीची आठवण रोज होते. मुलगा शेजाऱ्याचा असो की परजातीचा, तो आपल्या धान्यावर शिकतो आहे, ही भावना त्या माऊलीच्या मनात असे, आणि आपण कोणाकोणाचे देणे लागतो याची जाणीव मुलाच्या मनात.

या भागीदारीतील सर्वांत मोठा वाटा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा. सनातनी वळणाच्या जैन घरातून आलेल्या या साध्वीने सोवळ्याओवळ्याची बंधने बाजूस सारून सर्व जातींच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळले. दागिने एकेक करून गेले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही मोडावयास दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेची पुढील भव्य वाढ त्यांना पाहता आली नाही. 'रयत माऊली' या नावाने आजही त्यांचे स्मरण केले जाते. भाऊरावांच्या चरित्रात त्यांना दोन ओळी देऊन भागणार नाही. त्यांच्या चुलीवाचून रयतेची शाळाच उभी राहिली नसती.

विद्यार्थ्यांचे यश

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. गरीब मुलांना विनाशुल्क माध्यमिक शिक्षण आणि त्याबरोबर 'कमवा आणि शिका' ही पद्धती, हे त्याचे वैशिष्ट्य. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि १९५४ साली कऱ्हाड येथे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय निघाले. स्वतः शाळेत न शिकलेले, अमरावती जिल्ह्यात जन्मलेले आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा यांचे नाव महाविद्यालयाला देण्यात जे औचित्य आहे, ते वेगळे सांगावयास नको. मोठ्या देणगीच्या मोबदल्यात शिवाजी महाविद्यालयाचे नाव बदलावे, अशी अट एका धनिकाने घातली असता भाऊरावांनी ती देणगीच नाकारली, अशी हकिकत सांगितली जाते. दानशूरांच्या समाजाने तीही स्मरणात ठेवावी.

रयतेच्या वसतिगृहातील मुले शिक्षक झाली, अधिकारी झाली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांतील ठळक उदाहरण. संस्थेच्या आधाराने शिकलेला हा विद्यार्थी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला, अधिक लाभाच्या वाटा मोकळ्या असताना संस्थेच्याच महाविद्यालयात अध्यापनासाठी परतला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. गुणपत्रिकेवरील यश आणि संस्कारांचे यश यांतील फरक या परतण्यात आहे.

१९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण सन्मान आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. पदवी मिळाली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. मॅट्रिकही न झालेल्या या कर्मवीराच्या संस्थेचा वटवृक्ष शेकडो शाखांनी महाराष्ट्रभर विस्तारला आहे.

आपल्यासाठी

दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा अशा गावांतील जैन घरांना मुलांच्या शिक्षणासाठी आप्तांच्या घरांचा आणि समाजाच्या वास्तूंचा आधार नेहमीच घ्यावा लागला. दुकान, शेती व बाजार यांत गुंतलेल्या पित्याला मुलाच्या वहीकडे पाहण्यास सवड नसे. ती उणीव आई, काकी, आत्या आणि शिक्षक भरून काढीत. आज शिकवणीवर्ग आहेत, संगणक आहेत, गुणांची टक्केवारीही वाढली आहे. अशा वेळी पालकांची भागीदारी शुल्क भरण्यापुरती उरू नये. मुलांनी सामायिकासाठी थोडा वेळ बसावे, असे म्हणणाऱ्या वडिलांनी गादीवर वजनमाप चोख ठेवावे. क्षमापनेचा अर्थ मुलांना शिकविणाऱ्या भावांनी वर्षानुवर्षांचा अबोला सोडावा. डांबर प्रकरणातील भाऊरावांचे वर्तन कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून मोठा धडा ठरले, कारण ते बोलण्यात नव्हते, वागण्यात होते.

जो विद्यार्थी आज व्यासपीठावर सन्मान स्वीकारतो, त्याने आपल्या यशाच्या खतावणीत घर, शाळा आणि समाज या तिघांची खाती उघडून ठेवावीत आणि आपल्या परीने त्यांत भर घालीत जावे. समाजानेही आपल्या पंगतीत आणखी एका मुलाला जागा आहे का, हे दरवर्षी पाहावे, मग तो मुलगा कोणत्याही घरचा असो. पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या या ट्रस्टच्या हातून ज्ञानदानाचे हे कार्य उत्तरोत्तर वृद्धिंगत होवो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!