ओट्यांची वाट

बरोबर वाटाड्या नाही, तिकीट नाही, घाई नाही. हातात एक कागद किंवा मोबाइल, त्यावर ठिकाणांचा क्रम, आणि माणूस आपला आपण गल्ल्यांमधून शहराची कला आणि इतिहास पाहत चाललेला. जगातल्या कितीतरी शहरांनी ही सोय आता फुकट करून दिली आहे. या रिवाजाचा उगम सांगताना बॉस्टनचं नाव हमखास निघतं. १९५१ साली विल्यम शोफील्ड या पत्रकाराने तिथली विखुरलेली ऐतिहासिक ठिकाणं एका वाटेने जोडण्याची कल्पना मांडली. पुढे फुटपाथवर तांबडी रेघ आखली गेली, आणि ती धरून चालणारा सुमारे चार किलोमीटरांत अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास पाहून येऊ लागला. मराठी माणसाने मात्र या रिवाजाचं कूळ गोदाकाठी शोधावं. इथे ते सहाशे वर्षांहून जुनं आहे.

तेराव्या शतकात, यादवांच्या काळात, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर पायी हिंडले. ते उत्तरेकडे निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांपाशी फक्त आठवणी उरल्या. म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडे जाऊन, विचारून विचारून त्या गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध झालं. काय घडलं, ते त्यात आलं. पण नक्की कुठे घडलं? कुठल्या देवळात, कुठल्या खांबाशी, चौकाच्या डाव्या हाताला की उजव्या? या ध्यासातून चौदाव्या शतकात मुनिव्यासांची स्थानपोथी तयार झाली.

स्थानपोथीतली भाषा पाहण्यासारखी आहे. तीर्थमाहात्म्यांत स्नानाचं पुण्य किती, कोणत्या देवाने कोणत्या दैत्याला कुठे मारलं, याचा विस्तार असतो. त्यांच्या भरवशावर देऊळ सापडेलच असं नाही. स्थानपोथी पुण्याचा हिशेब मांडत नाही, ती दिशा सांगते. गावाच्या कोणत्या अंगाला देऊळ आहे, त्याचं तोंड कुणीकडे, आवाराला दारं किती, आग्नेयेला मठ आहे की विहीर, आणि त्यातल्या नेमक्या कोणत्या जागी स्वामी बसले. मुक्काम लांबला असेल तर ‘अवस्थान’, एक रात्र काढली असेल तर ‘वस्ती’, नुसते टेकले असतील तर ‘आसन’. जेवले ती जागा ‘आरोगणे’ची, निजले ती ‘पहुडा’ची, फेरफटका मारला ती ‘विहरणा’ची. देहधर्माला गेले त्या जागेचीही नोंद ‘परिश्रय’ म्हणून आदराने केलेली आहे. लिहिणारा जागेवर उभा राहून बोलतो आहे, हे वाचताना सतत जाणवतं. म्हणूनच धर्माशी संबंध नसलेल्या अभ्यासकालाही यादवकाळातली गावं कशी वसली होती, कोणतं देऊळ कुठे होतं, हे शोधताना ही पोथी उघडावी लागते. वि. भि. कोलते यांनी ती संपादून छापली. अमेरिकी अभ्यासक ॲन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या क्षेत्रांवर आणि यात्रांवर २००३ साली जो ग्रंथ लिहिला, त्यातही तिला मोठं स्थान आहे.

मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो असा, की पुष्कळ ठिकाणी आज पाहायला काहीच नसतं. देऊळ कधीच पडलेलं असतं, मठाचा मागमूस नसतो. उरलेला असतो चुन्याने पांढरा केलेला एक ओटा. महानुभाव यात्रेकरू त्या ओट्याला डोकं टेकतो, कारण जागेला महत्त्व कशामुळे आलं हे त्याने वाचलेलं किंवा ऐकलेलं असतं. नाहीशा झालेल्या वास्तूचा पत्ता जपायचा हा प्रकार मला इमारत जपण्याइतकाच मोलाचा वाटतो. याच पंथात नारो बहाळिये यांनी ऋद्धिपूरवर्णन लिहिलं आणि एकट्या गावाच्या स्थळांवर आख्खं काव्य उभं केलं.

मात्र ही वाट सर्वांसाठी मोकळी नव्हती. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्याला ते वाचता येत नव्हते. कोणालाही वाचता येईल असं शहराचं मराठी वर्णन छापून मिळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली आलं आणि ना. वि. जोशींचं ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ साली. पुढे मुंबईत शारदा द्विवेदी आणि राहुल मेहरोत्रा यांनी १९९९ मध्ये कोटातल्या पायवाटांचं पुस्तक इंग्रजीत काढलं. मोठ्या शहरांची सोय अशी होत गेली.

आता पाथरी घ्या. परभणी जिल्ह्यातलं, गोदावरीच्या उत्तरेचं हे तालुक्याचं गाव. २०२० च्या जानेवारीत त्याचं नाव एकदम सगळीकडे गाजलं. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली, आणि शिर्डीकरांनी १९ जानेवारीला बंद पाळला. पाथरीकरांची श्रद्धा आहे की वैष्णव गल्लीतल्या भुसारी घराण्यात बाबा जन्मले; त्या जागी मंदिर उभं आहे. जन्म कुठला, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. माझं दुःख वेगळं आहे. त्या सगळ्या गदारोळात पाथरी हे गाव म्हणून काय आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

आणि गाव तर अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ सांगणारं. फिरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी निजामशाहीच्या पदरी होता, नंतर विजापुरास गेला. तो लिहितो की निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. घराणं विजयनगरकडे गेलं. तिथला एक मुलगा बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने मोठ्या पदाला पोचला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य उभारलं. नातू बुऱ्हाण निजामशहाला वाडवडिलांचं गाव आपल्या ताब्यात हवं होतं आणि ते होतं वऱ्हाडच्या इमादशहाकडे. १५१८ मध्ये ते घेतलं, पुन्हा गमावलं, १५२७ मध्ये परत जिंकलं. या दुसऱ्या वेळी बुऱ्हाणने तिथला कोट पाडून टाकला आणि गाव आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिलं, असं फिरिश्ता सांगतो. सुलतानाने कुलकर्णी भाऊबंदांच्या गावासाठी दोनदा फौज चालवावी, अशी गोष्ट दख्खनच्या इतिहासात दुसरीकडे सहज सापडायची नाही. अकबराच्या काळात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग, होतं. ‘आइन-इ-अकबरी’त त्याची नोंद आहे.

हे सगळं पाथरीत चालताना आपोआप दिसणार नाही. पाडलेला कोट डोळ्यांना कसा दिसावा? असल्या गावाला चकचकीत फलकांपेक्षा स्थानपोथीची रीत जास्त कामाची आहे. गावाची शीव कोणत्या बाजूची, कोटाची जागा जुन्या माणसांच्या तोंडी कोणती, देवळाचं आणि मशिदीचं तोंड कुणीकडे, वैष्णव गल्ली बाजारापासून किती पावलांवर, हे जागेवर उभं राहून लिहायचं. श्रद्धा तिथे ‘श्रद्धा’ म्हणायचं, बखरीतलं असेल तिथे बखरकाराचं नाव द्यायचं. तालुक्यातल्या मुद्गलला गोदावरीच्या पात्रातलं मुद्गलेश्वराचं देऊळ आहे. तिथे पाणी कोणत्या महिन्यात चढतं, हेही टिपायचं. नाहीतर आलेला माणूस काठावरूनच हात जोडून परत जाईल.

पाथरीत मराठी आणि उर्दू दोन्ही घराघरात बोलल्या जातात, तेव्हा कागदही दोन्ही भाषांत हवा. हे काम शाळेतली मुलं करू शकतील. सोबत भूगोलाच्या तासाचं होकायंत्र न्यावं आणि जुन्या जागा सांगणारं एखादं म्हातारं माणूस. छापायचा खर्च दोन पानांचा. वाचणाऱ्याने पैसे द्यायची गरज नाही, आणि पंथाची लिपी शिकायचीही नाही.