वास्ते : एका कोंबाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी गडचिरोलीकडच्या एका विद्यार्थिनीच्या निबंधात ‘वास्त्यांची भाजी’ या शब्दांखाली आम्ही लाल रेघ मारली होती. आमच्या लेखी ‘वास्ते’ म्हणजे हिंदीतले ‘साठी’. पावसाळ्यात बांबूच्या बेटातून वर येणाऱ्या कोवळ्या कोंबांना तिकडे वास्ते म्हणतात, हे मराठी शिकवणाऱ्या आम्हांला ठाऊक नव्हते.

ग्रंथांनी मात्र या कोंबाची नोंद केव्हाच घेतली होती. संस्कृतात तो ‘वंशकरीर’. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ त्याला जड, रूक्ष आणि वातपित्त वाढवणारा म्हणतो. औषध म्हणून मान मिळाला तो वंशलोचनाला, म्हणजे बांबूच्या पोकळीत साठणाऱ्या सिलिकायुक्त पांढऱ्या द्रव्याला. कोंब खाद्य ठरला तो स्वयंपाकघरातील ज्ञानामुळे. कच्च्या कोंबातील टॅक्सिफायलिन या द्रव्यापासून सायनाइड सुटते. म्हणून कोंब सोलून, बारीक चिरून उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचे. हे रसायनशास्त्र प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी चुलीपाशी सिद्ध झाले होते.

वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याची गणना झाडांत केली. साहजिकच जंगलातील बांबूवर वनखात्याचा अधिकार बसला. कागद गिरण्यांना तो दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळत राहिला आणि त्याच जंगलात राहणारी माणसे परवान्याची याचक झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजांत स्पष्टपणे स्थान दिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २७ एप्रिल २०११ उजाडावे लागले. पुढे २०१७ च्या अध्यादेशाने वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला.

अर्थात, प्रश्न केवळ हक्काचा नाही. खुडलेला प्रत्येक वास्ता म्हणजे बेटातला एक बांबू कमी. किती खुडायचे आणि किती राखायचे, हा निर्णय शेवटी त्या बेटाशेजारी राहणाऱ्यांनीच घ्यायचा असतो. त्यासाठी लागणारी समजही त्यांच्यापाशीच असते.

कायद्याने आपली व्याख्या दुरुस्त करायला नव्वद वर्षे घेतली. आम्ही त्या निबंधावरची रेघ दुरुस्त करू शकलो नाही. वही केव्हाच परत गेली होती. आता वर्गात बोलींचा विषय निघाला की आम्ही पहिला शब्द फळ्यावर लिहितो तो ‘वास्ते’.