छत्तीस बारांचा वारसा

जॅझ म्हणजे त्या क्षणी सुचलेले संगीत, असे आपण धरून चालतो. मग ‘डिपर माउथ ब्लूज’मधल्या किंग ऑलिव्हरच्या कॉर्नेट-सोलोचे काय करायचे? 6 एप्रिल 1923 रोजी इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी, गेनेट कंपनीच्या स्टुडिओत तो मुद्रित झाला. 12 बारांच्या ब्लूजची तीन आवर्तने, एवढाच त्याचा विस्तार. पण पुढची सोळा वर्षे एकामागून एक वादकांनी तो मोठ्या निष्ठेने, बराचसा जसाच्या तसा वाजवला. माझे म्हणणे असे की, बंदिशीसारखा पुढच्या पिढीकडे सोपवण्याजोगा सोलो ही कल्पना जॅझमध्ये रुजली ती ध्वनिमुद्रिकेमुळे. आणि त्या वारशाचा गाभा सुरावटीपेक्षा नादात होता.

हा नाद कागदावर उतरत नाही. ऑलिव्हर कॉर्नेटच्या तोंडाशी म्यूट धरून त्याची हाताने उघडमीट करी. स्वर कधी घुसमटे, कधी मोकळा होई, माणूस बोलतो आहे असे वाटे. सोलोची सारी ओढ कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधे झुलणाऱ्या एका स्वरात आहे, आणि स्टाफ नोटेशनमध्ये त्याला धड जागाच नाही. गेनेटच्या स्टुडिओत मायक्रोफोन नव्हता. वादकांनी भोंग्यासमोर वाजवायचे, त्या कंपनांनी सुई मेणावर रेघ कोरणार. जड, खोल आवाज या पद्धतीला पेलत नसत. म्हणून ऑलिव्हरच्या बँडमधल्या बिल जॉन्सनने बास बाजूला ठेवून बँजो घेतला, ड्रमवादक बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर ताल धरावा लागला. कॉर्नेट मात्र भोंग्याला मानवला. शिकागोच्या लिंकन गार्डन्स या नृत्यगृहात रोज रात्री विरून जाणारी ती उघडमीट तबकडीत टिकली, आणि पुन्हा पुन्हा ऐकून गिरवता येऊ लागली.

यावर पहिला आक्षेप असा की, असे वारसे न्यू ऑर्लीन्समध्ये आधीही होते. ‘हाय सोसायटी’ या मार्चमधली पिकोलोची ओळ अल्फोन्स पिकूने क्लॅरिनेटवर आणली आणि रेकॉर्डच्या मदतीशिवाय ती शहरभर पसरली. हे खरेच आहे. पण ती मुळात छापील ओळ होती, आणि ऐकणारे त्याच गावचे होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लुई आर्मस्ट्राँगला तबकडीची गरजच नव्हती. तो ऑलिव्हरच्याच बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवत असे. 1925 मध्ये न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडने हीच रचना ‘शुगर फूट स्टॉम्प’ या नावाने मुद्रित केली, तेव्हा गुरूचा सोलो त्याने आठवणीतूनच वाजवला असणार. 1939 मध्ये तो मुद्रित करणाऱ्या मगसी स्पॅनियरनेही शिकागोत ऑलिव्हरला समोर बसून ऐकले होते. पण 1931 मध्ये हेंडरसनकडेच तो रेक्स स्ट्युअर्टने वाजवला, आणि 1937 मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये हॅरी जेम्सने. रिचमंडच्या मुद्रणाच्या वेळी जेम्स सात वर्षांचा होता. त्याच्यापर्यंत सोलो पोचला तो तबकड्यांच्या साखळीतून. त्या 1937 साली खुद्द ऑलिव्हर सवाना शहरात हलाखीत होता. हिरड्यांच्या दुखण्याने त्याचे वाजवणे सुटले होते. पुढच्याच एप्रिलमध्ये तो गेला. त्याचा सोलो मात्र देशातल्या सर्वांत लोकप्रिय बँडच्या पोतडीत होता.

तबकडीने एक उत्स्फूर्त क्षण गोठवला, असेही कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. जून 1923 मध्ये ऑलिव्हरने ओके कंपनीसाठी हीच रचना पुन्हा वाजवली आणि सोलोचा आराखडा तोच राहिला. म्हणजे तो त्याने घासूनपुसून आधीच पक्का केला होता, आणि त्याचे श्रेय रचनाकार म्हणून ऑलिव्हरलाच द्यायला हवे. तबकडीने खरा अपघात जपला तो वेगळाच. सोलोच्या शेवटी बिल जॉन्सन जोरात ओरडतो. डॉड्स आपली जागा विसरला म्हणून ही आरोळी निघाली, अशी हकीकत सांगितली जाते. जूनच्या मुद्रणात ती पुन्हा आहे. 1925 मध्ये हेंडरसनच्या तबकडीवर डॉन रेडमन तीच आरोळी देतो, आणि रेडमन तर रिचमंडला नव्हताच.